मळसूत्री जिवाणू पोहतात कसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात नागपूरच्या सखल वस्त्यांमध्ये पाणी साचू लागले की वर्तमानपत्रांत लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे नाव येते आणि बातमीसोबत तो घडवणाऱ्या लेप्टोस्पायरा जिवाणूचे पिळदार चित्रही छापले जाते. ते चित्र पाहून हा जिवाणू लाकडात शिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे पाणी पोखरत पुढे जात असावा, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पाण्यात तो तसा जात नाही. जेलीसारख्या पदार्थात मात्र बऱ्याच अंशी तसाच जातो. या दोन परिस्थितींमधला फरक स्पष्ट करणे हा या प्रश्नोत्तरांचा मुख्य उद्देश आहे. अकरावी-बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाला ती समजावीत, या बेताने ती लिहिली आहेत.

मळसूत्री जिवाणू म्हणजे नेमके कोणते?

शरीर मळसूत्राच्या आकाराचे असलेले जिवाणू एकाच कुळातले नसतात, आणि त्यांची पोहण्याची यंत्रणाही एकसारखी नसते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे तीन गट पाडणे सोयीचे ठरते.

पहिला गट स्पिरिलमसारख्या जिवाणूंचा आहे. यांचे पिळदार शरीर ताठ असते आणि त्याच्या टोकांना बाहेरच्या बाजूला कशाभिका, म्हणजे धाग्यासारखे अवयव असतात. साचलेल्या गोड्या पाण्यात आढळणारा स्पिरिलम व्होल्युटान्स ६० मायक्रोमीटरपर्यंत लांब असू शकतो, जे जिवाणूंच्या मानाने फारच मोठे माप आहे. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी वेगळ्या कुळातला असला, तरी यंत्रणेच्या दृष्टीने याच गटात बसतो.

दुसरा गट स्पायरोकीट जिवाणूंचा. लेप्टोस्पायरा, सिफिलिसचा ट्रेपोनेमा पॅलिडम आणि लाइम रोगाचा बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे त्यातले परिचित सदस्य आहेत. यांनाही कशाभिका असतात, परंतु त्या बाहेरच्या पटलाच्या आत, शरीराला लगटून दडलेल्या असतात. तिसरा गट स्पायरोप्लाझ्माचा. यांना कशाभिका नसतात आणि पेशीभित्तिकाही नसते.

माणसासाठी आणि जिवाणूसाठी पाणी वेगळे असते का?

पाणी तेच असते, परंतु त्यातल्या कोणत्या बलाचे वर्चस्व राहील हे आकार आणि वेग यांवर ठरते. वस्तूची लांबी आणि तिचा वेग यांच्या गुणाकाराला द्रवाच्या गतिज श्यानतेने (श्यानता, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, भागिले घनता) भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो, आणि जडत्वाची बले श्यानतेच्या बलांच्या तुलनेत किती मोठी आहेत हे तो अंक सांगतो. जलतरण तलावात सेकंदाला एक मीटर वेगाने पोहणाऱ्या प्रौढ माणसाचा रेनॉल्ड्स अंक दहा लाखांच्या वर जातो. दहा मायक्रोमीटर लांबीच्या आणि सेकंदाला वीस मायक्रोमीटर वेगाने जाणाऱ्या लेप्टोस्पायरासाठी हाच अंक ०.०००२ इतका निघतो.

याचा अर्थ असा की जिवाणूच्या जगात जडत्व जवळजवळ नसतेच. हात मारणे थांबवल्यावरही पोहणारा माणूस काही अंतर पाण्यावरून सरकत राहतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ साली दिलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात जिवाणूसाठी हाच हिशेब मांडला. सेकंदाला तीस मायक्रोमीटर वेगाने जाणाऱ्या जिवाणूने जोर लावणे थांबवले, तर तो एका मायक्रोसेकंदाच्या आत थांबतो आणि तेवढ्या वेळात त्याने कापलेले अंतर एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते. शाळेत आपण बल त्वरणाशी जोडायला शिकतो. इथे मात्र बल थेट वेगाशी जोडले जाते, आणि या क्षणी जिवाणू कुठे चालला आहे हे केवळ या क्षणीच्या त्याच्या हालचालीवर अवलंबून असते.

मग जिवाणू हातांसारखे अवयव मागेपुढे हलवून का पोहत नाहीत?

कारण तसे केल्याने तो आहे तिथेच राहील. जडत्व नसलेल्या द्रवात हालचाल जलद केली की संथ, याने एका आवर्तनातल्या एकूण विस्थापनात फरक पडत नाही. आकार कोणत्या क्रमाने बदलत गेले, एवढेच महत्त्वाचे असते. एखादा अवयव ज्या मार्गाने पुढे गेला त्याच मार्गाने परत आला, तर पुढे मिळालेले सगळे विस्थापन परतताना तंतोतंत पुसले जाते, मग जाणे झटकन आणि येणे सावकाश असले तरीही. पर्सेल यांनी हा निष्कर्ष एका बिजागरीने उघडझाप करणाऱ्या शिंपल्याच्या उदाहरणाने सांगितला, म्हणून त्याला शिंपल्याचे प्रमेय म्हणतात.

यातून सुटण्यासाठी अशी हालचाल हवी, जी उलट क्रमाने पाहिली असता वेगळी दिसेल. फिरणारे मळसूत्र ही अट सहज पूर्ण करते. त्याचे फिरणे कधीच मागे परतत नाही, आणि त्याचे चित्रीकरण उलटे दाखवले तर ते विरुद्ध दिशेने फिरताना दिसते. साधी सरळ काठी स्वतःच्या अक्षाभोवती कितीही फिरवली तरी ती पुढे जाणार नाही, कारण तिचे प्रतिबिंब तिच्यासारखेच असते आणि पुढची दिशा निवडण्याचे कारणच तिच्याजवळ नसते. मळसूत्राला उजवे-डावेपण असते, आणि त्याच्या फिरण्याचे रूपांतर पुढे जाण्यात होऊ शकते ते त्यामुळेच.

मळसूत्र फिरल्याने पुढे जाण्याचा जोर कुठून येतो?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका साध्या निरीक्षणात आहे. घट्ट द्रवात एखादी लांब, बारीक काडी तिच्या लांबीच्या दिशेने ओढली, तर जेवढा रोध होतो, त्याच्या जवळपास दुप्पट रोध ती काडी आडवी ठेवून ओढल्यावर होतो. अतिशय बारीक काडीसाठी हे गुणोत्तर दोनच्या जवळ जाते. प्रत्यक्षातल्या काड्यांसाठी ते दोनहून थोडे कमी असते.

आता ही काडी तिरकी धरून ओढली तर काय होईल याचा विचार करावा. वेगाचा जो भाग काडीच्या लांबीच्या दिशेने आहे त्याला कमी रोध होतो आणि जो भाग लांबीला काटकोनात आहे त्याला जास्त. दोन्ही रोध एकत्र केले की एकूण रोध वेगाच्या बरोबर उलट दिशेला राहत नाही. तो किंचित बाजूला झुकतो. हा झुकलेला भाग हाच जिवाणूचा पुढे जाण्याचा जोर.

मळसूत्र म्हणजे अशा तिरक्या तुकड्यांची साखळीच असते. ते अक्षाभोवती फिरते तेव्हा प्रत्येक तुकडा आडवा ढकलला जातो आणि प्रत्येक तुकड्यावर अक्षाच्या दिशेने थोडा जोर निर्माण होतो. समोरासमोरच्या तुकड्यांचे आडवे जोर एकमेकांना रद्द करतात, अक्षाच्या दिशेचे जोर मात्र एकाच बाजूला असल्यामुळे त्यांची बेरीज होते. लंब आणि समांतर रोध सारखे असते, तर हा जोर शून्य झाला असता. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५१ आणि १९५२ साली लहरत जाणाऱ्या पृष्ठभागाचे आणि मळसूत्री शेपटीचे गणित मांडले, आणि तुकड्यातुकड्यांवरच्या रोधाची बेरीज करण्याची पद्धत ग्रे आणि हॅनकॉक यांनी १९५५ साली शुक्राणूंसाठी वापरली. आजही ढोबळ हिशेबासाठी तीच पुरते.

हे प्रयोगाने पाहायचे असल्यास रुंद काचेच्या बरणीत ग्लिसरीन घ्यावे आणि त्यात शिवणकामाची सुई तिरकी सोडावी. सुई तिचा तिरकेपणा कायम ठेवून खाली जाताना बाजूलाही सरकत जाते, आणि हे सरकणे लंबरेषेपासून फार तर १९-२० अंशांपर्यंतच असू शकते, असे वरच्या गुणोत्तरावरूनच निघते. नागपुरात हा प्रयोग हिवाळ्यात करावा, कारण २० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४० अंशांना ग्लिसरीनची श्यानता सुमारे पाचव्या भागाइतकी खाली येते आणि सुई निरीक्षणाला पुरेसा वेळ न देता तळाला पोहोचते.

एका फेऱ्यात जिवाणू मळसूत्राच्या एका आट्याइतका पुढे जातो का?

पाण्यात जात नाही. लाकडात स्क्रू एका फेऱ्याला बरोबर एक आटा पुढे सरकतो, कारण लाकूड घन असते. पाणी मात्र मळसूत्राबरोबर काही प्रमाणात वाहत जाते आणि मळसूत्र घसरते.

ही घसरण किती असते याचा अंदाज वरच्या दुप्पट रोधाच्या नियमावरून काढता येतो. जिवाणूचे शरीर न जोडलेले मोकळे मळसूत्र बाहेरून फिरवले, आणि त्याचा धागा अक्षाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ते एका फेऱ्यात आट्यांमधल्या अंतराच्या एक पंचमांश इतके पुढे जाते. ३५ अंशांना हे प्रमाण एक चतुर्थांश होते आणि ४५ अंशांना एक तृतीयांश. मग कोन वाढवतच का नेऊ नये, असे विचारले जाते. मळसूत्राची जाडी तीच ठेवून कोन वाढवला की आटे एकमेकांच्या जवळ येतात, आणि प्रमाण मोठे असले, तरी ते लहान अंतराचे असते. ठरावीक जाडीच्या मळसूत्राला ठरावीक फेऱ्यांत सर्वाधिक वेग ३५ अंशांच्या आसपास मिळतो. ई. कोलाय जिवाणूच्या कशाभिकेचा कोन ३० अंशांच्या जवळपास असतो, ही गोष्ट मला या विषयातली फार सुंदर वाटते.

प्रत्यक्षात घसरण याहून जास्त असते, कारण कशाभिकेला धड ओढून न्यावे लागते. ई. कोलायच्या कशाभिकेच्या दोन आट्यांमध्ये सुमारे २.३ मायक्रोमीटर अंतर असते आणि ती सेकंदाला शंभराच्या आसपास फेरे घेते. न घसरता ती सेकंदाला २३० मायक्रोमीटर गेली असती. जिवाणूचा खरा वेग २५ ते ३० मायक्रोमीटर असतो, म्हणजे आठव्या-नवव्या हिश्श्याइतका.

कशाभिका खरोखर फिरतात की नुसत्या वळवळतात?

त्या खरोखर फिरतात. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ साली हा निष्कर्ष मांडला आणि पुढच्या वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी कशाभिका काचेला चिकटवून दाखवले की मग अख्खा जिवाणूच तिच्याभोवती गरगर फिरतो. कशाभिकेच्या मुळाशी सुमारे ४५ नॅनोमीटर व्यासाची मोटार असते आणि ती बहुतेक जिवाणूंमध्ये प्रोटॉनांच्या प्रवाहावर चालते.

कशाभिका एका बाजूला फिरत असताना शरीराचे काय होते?

पोहणाऱ्या जिवाणूला बाहेरून कोणी धरलेले नसते, त्यामुळे त्याच्यावरचे एकूण बल शून्य असावे लागते आणि एकूण टॉर्कही शून्यच असावा लागतो. कशाभिका एका दिशेने फिरली की धडाला विरुद्ध दिशेने फिरावेच लागते, आणि धड जाड असल्यामुळे ते संथ गतीने फिरते.

गोलसर धडाच्या बाबतीत हे उलटे फिरणे वाया जाते. धड स्वतःच मळसूत्री असेल, तर ते उपयोगी पडू शकते. हेलिकोबॅक्टरच्या कशाभिका डाव्या आट्याच्या आणि शरीर उजव्या आट्याचे असते. दोन्ही परस्परविरुद्ध फिरत असल्यामुळे दोघांचाही जोर एकाच दिशेला लागतो. हा वाटा फार मोठा मात्र मानू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार हेलिकोबॅक्टरच्या एकूण जोरात पिळदार शरीराचा वाटा फार तर १५ टक्क्यांच्या आसपास असतो. पाठ्यपुस्तकांत या जिवाणूचा आकारच त्याला जठरात शिरायला मदत करतो असे सरसकट लिहिले जाते, त्यापेक्षा वस्तुस्थिती बरीच संयत आहे.

स्पायरोकीटच्या कशाभिका आत असतात, तर त्या द्रवाला ढकलतात कशा?

त्या द्रवाला स्पर्शच करत नाहीत. त्या आतून शरीराला वाकवतात आणि फिरवतात, आणि द्रवाला ढकलण्याचे काम शरीराचे बाह्य पटल करते. या कल्पनेची भौतिक बाजू बर्ग यांनी १९७६ साली मांडली.

लेप्टोस्पायराचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. त्याचे शरीर जेमतेम ०.१ ते ०.१५ मायक्रोमीटर जाड आणि ६ ते २० मायक्रोमीटर लांब असते. ते उजव्या आट्याचे घट्ट मळसूत्र असते आणि त्याच्या दोन आट्यांमध्ये सुमारे ०.७ मायक्रोमीटर अंतर असते. प्रत्येक टोकाजवळ एकच कशाभिका असते आणि तिची मोटार त्या टोकाशीच बसवलेली असते. पोहताना पुढचे टोक मोठ्या, डाव्या आट्याच्या वळणाचा आकार घेते आणि मागचे टोक हुकासारखे वाकते.

मागून पाहिले असता पुढचे डावे वळण घड्याळाच्या उलट दिशेने घुमते, तर मधले उजवे मळसूत्र घड्याळाच्या दिशेने फिरते. डावा आटा उलट दिशेने फिरवला की पुढे जातो आणि उजवा आटा सुलट फिरवला की पुढे जातो, हे आपण नळाच्या जोडकामात पाहतो. इथे दोन्ही गोष्टी एकाच शरीरात एकाच वेळी घडतात. एकाच्या टॉर्कने दुसऱ्याचा टॉर्क तोलला जातो, आणि तरीही दोघांचा जोर एकाच दिशेला लागतो. दोन्ही टोकांच्या मोटारींना यासाठी सुसंगत दिशांनी फिरावे लागते. त्यांचा मेळ बिघडला की जिवाणू जागच्या जागी वळवळतो, आणि दोघींनी दिशा बदलल्या की पुढचे टोक हुक बनते, मागचे टोक वळण घेते आणि प्रवासाची दिशा उलटते. या जिवाणूला कायमचे डोके आणि कायमची शेपटी नसते.

बोरेलियाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे शरीर मळसूत्री न दिसता सपाट लहरीसारखे दिसते, आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी ७ ते ११ कशाभिका असतात. आतल्या कशाभिका फिरतात तसतशी ही लहर शरीरावरून मागे सरकत जाते आणि जिवाणू पुढे जातो.

कशाभिकाच नसलेला स्पायरोप्लाझ्मा कसा पोहतो, आणि संत्र्याशी त्याचा काय संबंध?

संत्र्यांच्या शहरात हा प्रश्न येणारच. स्पायरोप्लाझ्मा सिट्री हा जिवाणू लिंबूवर्गीय झाडांच्या रसवाहिन्यांमध्ये राहतो आणि स्टबर्न नावाचा रोग घडवतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत आणि कॅलिफोर्नियात तो परिचित आहे, आणि तुडतुडे त्याचा प्रसार करतात. विदर्भातल्या बागायतदारांना माहीत असलेला ग्रीनिंग रोग मात्र वेगळ्या, मळसूत्री नसलेल्या जिवाणूमुळे होतो आणि सायला नावाच्या किडीमार्फत पसरतो. या दोघांची गल्लत करू नये.

स्पायरोप्लाझ्माच्या पटलाखाली प्रथिनांची एक लांब फीत असते. तिच्या साहाय्याने तो शरीराच्या एका टोकाला उजव्या आट्याचा डावा किंवा डाव्याचा उजवा आटा करतो. जिथे दोन प्रकारचे आटे भेटतात तिथे शरीराला एक कोपरा पडतो, आणि हा कोपरा पुढून मागे धावत जातो. थोड्या वेळाने त्याच्या मागोमाग दुसरा कोपरा येतो आणि आटे पूर्ववत होतात. कोपरा सरकताना त्याच्या दोन्ही बाजूंचे भाग परस्परविरुद्ध फिरतात आणि त्यातून जोर मिळतो. ही यंत्रणा २००५ साली सूक्ष्म चित्रणाने स्पष्ट झाली. वेग सेकंदाला काही मायक्रोमीटर एवढाच असतो, परंतु फिरणारी एकही मोटार नसताना शिंपल्याच्या प्रमेयातून सुटण्याची ही युक्ती विलक्षण आहे.

घट्ट पदार्थात लेप्टोस्पायरा जास्त वेगाने पोहतो, हे खरे आहे का?

होय, पण कोणत्या प्रकारे घट्ट, हे पाहावे लागते. कैसर आणि डोएट्श यांनी १९७५ साली दाखवले की मिथाइल सेल्युलोज मिसळून द्रव घट्ट केला की लेप्टोस्पायराची गती वाढते, जे साध्या तर्काच्या अगदी उलट आहे. बर्ग आणि टर्नर यांनी १९७९ साली त्याचे स्पष्टीकरण दिले. मिथाइल सेल्युलोजचे रेणू लांब साखळ्यांचे असतात आणि त्यांची पाण्यात सैल जाळी तयार होते. जिवाणूचा बारीक पिळदार देह या जाळीच्या फटींतून स्वतःच्याच मार्गाने सरकू शकतो, परंतु आडवा सरकायला जाळी अडवते. म्हणजे लंब रोध आणि समांतर रोध यांचे गुणोत्तर दोनपेक्षा पुष्कळ वाढते आणि घसरण कमी होते. जाळी पूर्ण ताठ असेल, तर एका फेऱ्यात एक आटा ही स्थिती जवळ येते, आणि मग तो खरोखरच स्क्रूसारखा जातो.

साखरेसारख्या लहान रेणूंनी घट्ट केलेल्या द्रवात अशी जाळी नसते. तिथे दोन्ही दिशांचे रोध एकाच प्रमाणात वाढतात, गुणोत्तर तेच राहते आणि मोटारीवरचा भार तेवढा वाढतो.

हेलिकोबॅक्टर जठराच्या बुळबुळीत थराला स्क्रूप्रमाणेच छेदतो का?

नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे वाढवून दाखवलेला हा जिवाणू (या कामाला २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले) रसायनाचा आधार घेतो. तो युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो, त्यामुळे भोवतालची आम्लता कमी होते, आणि आम्लात जेलीसारखा घट्ट असलेला श्लेष्मा त्याच्या भोवती प्रवाही बनतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आम्लधर्मी जेलमध्ये त्याच्या कशाभिका फिरत राहिल्या, पण तो जागचा हलू शकला नाही. मळसूत्री आकाराचेच दोन जिवाणू एकाच प्रकारच्या अडथळ्यातून किती निराळ्या मार्गांनी जातात, हे लेप्टोस्पायराशी तुलना केल्यावर लक्षात येते.

पोहायला ऊर्जा किती लागते?

फारच थोडी. दोन मायक्रोमीटर व्यासाचा गोल सेकंदाला ३० मायक्रोमीटर वेगाने पाण्यातून ओढायला, स्टोक्सच्या नियमानुसार, अर्ध्या पिकोन्यूटनहून थोडे जास्त बल लागते. कशाभिकेची कार्यक्षमता अवघी एक-दोन टक्के आहे हे धरूनही सुमारे एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्ये इतके जिवाणू, जे मिळून एक ग्रॅमच्या आसपास भरतात, एकत्र पोहायला साधारण एक मिलिवॉट शक्ती पुरते. एवढी कमी कार्यक्षमता निसर्गाने चालवून घेतली आहे, कारण पेशीच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य असतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जिवाणूंच्या पोहण्यात फरक पडतो का?

भौतिक अंगाने पडतो. डिसेंबरच्या पहाटे इथले उथळ पाणी १० अंशांच्या जवळ येऊ शकते आणि मेमधल्या दुपारी ४० अंशांपर्यंत तापते. १० अंशांना पाण्याची श्यानता १.३१ मिलिपास्कल-सेकंद असते, तर ४० अंशांना ०.६५, म्हणजे ती निम्मी होते. मोटारीचा टॉर्क तेवढाच राहिला, तर फिरण्याचा आणि पोहण्याचा वेग दुप्पट व्हावा. रेनॉल्ड्स अंक मात्र तेव्हाही एकाच्या हजारो पटींनी खालीच राहतो, त्यामुळे पोहण्याची तत्त्वे बदलत नाहीत. जिवाणूंच्या मोटारीवर आणि जगण्यावर तापमानाचा स्वतंत्र परिणाम होतो, आणि उन्हात आटत जाणारे डबके लेप्टोस्पायराला मानवत नाही, ही गोष्ट वेगळी.

हे जिवाणू एवढे लांब आणि बारीक का असतात?

याचे संपूर्ण उत्तर भौतिकशास्त्र देऊ शकत नाही, पण एक मोठा फायदा ते दाखवते. पाण्याचे रेणू जिवाणूला सतत धक्के देत असतात आणि त्यामुळे त्याची दिशा भरकटत राहते. ई. कोलायसारखा आखूड जिवाणू काही सेकंदांतच आपली दिशा गमावतो. लांबी दुप्पट केली की असे भरकटणे सुमारे आठ पटींनी मंदावते, कारण ते साधारणपणे लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. दहा-पंधरा मायक्रोमीटरचा स्पायरोकीट म्हणूनच बराच वेळ एका रेषेत जाऊ शकतो.

याला जोडूनच, जिवाणू पोहतात तरी कशासाठी, असेही विचारले जाते. लहान पोषक रेणू विसरणाने आपोआपच जिवाणूपर्यंत येतात, आणि ३० मायक्रोमीटरपेक्षा कमी अंतरावर पोहण्यापेक्षा विसरणच अधिक जलद असते. पोहण्याचा उपयोग त्याहून दूर असलेली अधिक चांगली जागा गाठण्यासाठी होतो.

साचलेल्या पाण्यातून चालताना लेप्टोस्पायरा कातडीला भोक पाडून शिरतो का?

अखंड, कोरड्या कातडीला तो छेदत नाही. तो जखमेतून, खरचटलेल्या किंवा पाण्यात फार वेळ राहून मऊ पडलेल्या कातडीतून, तसेच डोळे, नाक आणि तोंड यांच्या नाजूक अस्तरातून शिरतो. एकदा आत गेल्यावर मात्र ऊतींमधल्या जाळीदार पदार्थातून सरकण्याची वर सांगितलेली क्षमता त्याच्या कामी येते. हालचाल गमावलेले उत्परिवर्ती प्रकार प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये रोग घडवण्यात कमी पडतात, यावरून पोहणे आणि रोग यांचा संबंध स्पष्ट होतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, तशा प्रसंगी उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून अनवाणी जाणे टाळावे, पायावरची जखम झाकावी, आणि नंतर ताप आल्यास पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

याच तत्त्वावर कृत्रिम जिवाणू बनवता येतात का?

बनवले गेले आहेत. अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी २००९ साली काचेची सूक्ष्म मळसूत्रे तयार करून त्यांवर चुंबकीय पदार्थाचा थर दिला आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्राने ती द्रवात हव्या त्या दिशेने चालवली. त्यांना मोटारीची गरज नसते, कारण टॉर्क बाहेरून मिळतो. त्याच वर्षी झुरिक येथेही अशा कृत्रिम कशाभिकांचे काम प्रसिद्ध झाले, आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत घोष यांच्या गटाने हे संशोधन पुढे चालवले आहे.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मळसूत्री जिवाणू पाहता येतील का?

लेप्टोस्पायरा नेहमीच्या प्रकाशात दिसणार नाही, कारण त्याची जाडी सूक्ष्मदर्शकाच्या ०.२ मायक्रोमीटरच्या मर्यादेहून कमी असते. शिवाय तो धोकादायक आहे, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. दातांच्या फटींतला मळ हा सर्वांत सोपा नमुना आहे, आणि त्यात वळवळणारे स्पायरोकीट बहुतेक वेळा सापडतात. निर्जंतुक काडीने तो थोडासा काढून सलाइनच्या थेंबात मिसळावा, वर काचेची पट्टी ठेवावी आणि ४०० पटींच्या वर्धनाने पाहावे. कंडेन्सरखाली (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली) मधोमध काळ्या कागदाची चकती बसवली की पार्श्वभूमी काळी होते आणि जिवाणू उजळून दिसतात. या चकतीचा व्यास दोन-तीन वेळा कमीजास्त करून पाहावा लागतो. काचेच्या पट्टीखालचा थर सुकण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत निरीक्षण आटोपावे आणि वापरलेल्या काचा जंतुनाशकात बुडवून ठेवाव्यात. पाहताना एकच जिवाणू निवडावा आणि त्याचे कोणते टोक पुढे आहे, थांबल्यावर तेच पुढे राहते की बदलते, हे नोंदवावे.